आईची शरदी

फाल्गुन संपत आला की दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गव्हाचा टेम्पो उभा राहतो आणि माझं डोकं फिरतं. त्या टेम्पोने माझं काही वाकडं केलेलं नाही. वर बसलेला माणूस घसा ताणून "भालिया, टुकडी, बारमासी घऊं" असं ओरडतो, बायका खाली उतरतात, मूठभर गहू तळहातावर घेऊन फुंकर मारतात, एक दाणा दाताखाली फोडून बघतात आणि मग घासाघीस सुरू होते. बघायला छान असतं. मी मात्र खिडकी लावून घेते. समोरच्या कोकिळाबेन खालून विचारतात, केम, आ वरसे नथी भरवाना? म्हणजे यंदा गहू नाही भरायचा? मी हातानेच नाही म्हणते. तोंड उघडलं तर त्या बिचाऱ्यांना नको ते ऐकावं लागेल.

माझा राग गव्हावर नाही, शरदीवर आहे. सर्दी म्हणा, पडसं म्हणा. बडोद्याच्या मराठी घरांत ती शरदीच. आमच्याकडे नाकातून पाणी आलं की शरदी, घसा दुखला की शरदी, अंग तापलं की शरदीचा ताप, आणि डोळे लाल झाले तर शरदी डोळ्यांत उतरली. तीन वेगवेगळी दुखणी एका गोणीत कोंबायची, तोंड शिवून टाकायचं आणि ज्याचं नाक वाहतंय त्याच्या पाठीवर ती गोणी द्यायची, असा कारभार. माझ्या आईने ती गोणी जन्मभर वाहिली.

वर्षाचा गहू एकदाच भरायचा ही इथली रीत. आमच्या घराण्यात ती कधी शिरली कोण जाणे. पूर्वज संस्थानच्या नोकरीत बडोद्याला आले, भाषा तीच ठेवली, गौरी-गणपती तेच ठेवले, पण कोठीघर मात्र शेजाऱ्यांसारखं झालं. पुण्याचे पाहुणे कोठी बघून विचारत, काय हो, दुष्काळ पडणार आहे का? होळीची धाणी, म्हणजे ज्वारीच्या लाह्या, आणि खजूर संपायच्या आत पोती येत. मग अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जुन्या चादरी अंथरायच्या, मोठ्या चाळणीने गहू चाळायचा, सुपाने पाखडायचा, खडे आणि काड्या निवडायच्या, ऊन द्यायचं, आणि शेवटी दिवेल चोळायचं. दिवेल म्हणजे एरंडेल. दोन्ही तळवे तेलात माखून गहू उलटासुलटा करायचा, म्हणजे दाण्यादाण्याला चकाकी येते आणि कीड लागत नाही. मग पत्र्याच्या कोठीत एक थर गव्हाचा, एक थर कडुलिंबाच्या सुकलेल्या पाल्याचा. दिवेलाचा तो जडसर वास पुढे कितीतरी दिवस हातांना, दाराच्या कड्यांना, माझ्या भूगोलाच्या पुस्तकालाही येई. वार्षिक परीक्षा आणि दिवेलाचा वास यांची माझ्या डोक्यात बसलेली गाठ अजून सुटलेली नाही.

पाखडायचं काम आईचं. तिच्यासारखं सूप कोणालाच धरता येत नसे. मनगटाला हलका झटका, गहू वर, तूस बाहेर, आणि दाणे परत सुपात पडताना सगळ्यांचा मिळून एकच आवाज. सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्याभोवती सोनेरी धुरळा उठे. मला तो फार आवडे. तास होतो न होतो तोच तिला पहिली शिंक येई, मग दुसरी, मग शिंकांची माळच लागे. डोळे लाल होऊन वाहू लागत. नाकातून पाणी गळे, अगदी नळाच्या पाण्याइतकं पातळ, आणि तळहाताने नाकाचा शेंडा ती खालून वर असा घाशी की नाकावर एक आडवी रेघ पडून राही. टाळूला खाज सुटली की जीभ टाळूवर घासून घशातून एक खरखरता आवाज काढी. त्या आवाजाची नक्कल करून मी बाबांना पुष्कळदा हसवलं आहे. ताप मात्र कधी नाही. अंग मोडून आलंय म्हणून ती कधी आडवी झाली नाही. शिंकत शिंकत सगळी पोती पाखडून टाकी आणि संध्याकाळी पोळ्या लाटायला उभी राही.

"झाली सुमनला शरदी," आत्या जिन्यातूनच म्हणे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली होती, लग्न केलं नव्हतं, आणि घरातल्या प्रत्येकाच्या प्रकृतीचा ताबा तिने स्वतःकडे घेतला होता. समोरच्याची शिंक पुरी व्हायच्या आत तिचं निदान तयार असे. गुन्हेगार तेवढा दर वर्षी वेगळा. कधी माठातलं पाणी, कधी शेरडीचा म्हणजे उसाचा रस, तर कधी धुळेटीला न्हाऊन ओल्या केसांनी हिंडणं. दोन ऋतू भेटतात ने, ती म्हणे, पहाटे गारवा आणि दुपारी ऊन, शरीर गोंधळून जातं. आईचं शरीर मुळीच गोंधळत नव्हतं, त्याला नेमकं ठाऊक होतं काय होतंय ते. गोंधळ आमचा होता, आणि शिक्षा तिला. माठाचं पाणी बंद, रस बंद, श्रीखंड बंद, अगाशीवर झोपणं बंद. सगळं घर वर वाऱ्यावर पसरलेलं असे आणि आई खालच्या खोलीत पंखा न लावता सुंठ चघळत पडलेली. सुंठीचा राग मला तेव्हापासून आहे.

आणि कपाळ बडवून घ्यावं अशी गोष्ट पुढेच आहे. दिवेल चोळून झालं की आईची शरदी जाई. आत्याने हे बरोबर टिपलं होतं. तिची नजर तीक्ष्ण होती हे मी नाकारत नाही. तिने त्यावरून शोध लावला की दिवेलाच्या वासाने शरदी पळते. मग वर्षभर ज्याला पडसं होई त्याच्या नाकपुड्यांना दिवेलाचं बोट. तेल लागलं की गव्हाचा धुरळा उडायचा थांबतो, आणि धुरळा थांबला की आईचं नाक थांबतं, इतकी साधी गोष्ट भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दर वर्षी घडत होती. मास्तरीण, बँकेत हिशेब तपासणारे बाबा, विज्ञानात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मी, कोणालाही ती दिसली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आत्याला स्वतःला खरं पडसं व्हायचं ते श्रावणात. आधी घसा खवखवे, मग नाक चोंदे, मग शेंबूड घट्ट होई, आवाज बसे, जराशी कणकण वाटे आणि आठवडाभरात सगळं ओसरून जाई. तिला झालं की बाबांना, बाबांना झालं की मला, असं ते पंगतीत वाढल्यासारखं ओळीने फिरे. आईची चैत्रातली शरदी मात्र इतक्या वर्षांत कोणाला म्हणजे कोणालाच लागली नाही. ती त्याच हातांनी कणीक मळत होती, माझी वेणी घालत होती, तिच्याच पेल्यातून बाबा पाणी पीत होते. ही कसली शरदी, जी एकाच ऋतूत येते आणि एकाच बाईपाशी मुक्काम करते, हा प्रश्न त्या शिकल्यासवरल्या घरात एकालाही पडू नये?

तरी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्ये आबा आले.

आबा म्हणजे आईचे वडील. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्कशॉपमध्ये लागलेल्या मधूमामाबरोबर, म्हणजे आईच्या धाकट्या भावाबरोबर, तिथल्या क्वार्टरमध्ये पहिल्या मजल्यावर राहत. आजी फार आधीच गेली होती, मामाचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे आईचं सगळं माहेर म्हणजे हे दोन पुरुष आणि एक स्टोव्ह. मी नववीत होते त्या थंडीत आबांना न्यूमोनिया झाला. उठले, पण अर्धेच उठले. दोन पायऱ्या चढले तरी दम लागे. डॉक्टरांनी बजावलं की छाती नाजूक झाली आहे, सर्दी-तापाच्या माणसाला जवळ फिरकू देऊ नका. सल्ला सोळा आणे बरोबर होता. अडचण एवढीच, की तो पाळणारे आम्ही होतो.

फाल्गुनात पोती आली, आई सूप घेऊन बसली, शिंका सुरू झाल्या आणि आत्याने फर्मान काढलं की शरदी उतरेपर्यंत सुमनने वडिलांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. बाबांनी मान डोलावली. आईने वाद घातला असता तर मला आज बरं वाटलं असतं, पण तिला स्वतःलाही ते पटलं होतं. त्यातून त्या वर्षी आत्याने आपल्या नागरवाड्यातल्या मैत्रिणीचाही गहू आमच्याच अगाशीवर घेतला. त्यांच्याकडे पाखडायला कोणी नव्हतं आणि सुमनच्या हाताला वळण आहे ने. म्हणजे पाखडणं लांबलं, धुरळा लांबला, शरदी लांबली आणि बंदीही लांबली. शरदीमुळे आईला वडिलांना भेटता येत नव्हतं, पण पाखडता येत होतं, यात कोणाला काही खटकलं नाही.

डबा तर पोचवायलाच हवा होता. मामाच्या हातच्या खिचडीवर आबांनी किती दिवस काढायचे? म्हणून आई संध्याकाळी मला घेऊन सिटी बसने जाई आणि क्वार्टरखाली लिंबाच्या झाडाशी उभी राही. आबा गॅलरीत येत. जन्मभर यंत्रांत हात घातलेला माणूस. त्यांनी कठड्याला एक लहानशी कप्पी बसवली होती आणि तिच्यावरून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडत. मला वर जायची मुभा होती, डबा मी नेऊ शकले असते, पण आबांना कप्पी चालवायची हौस. पिशवी हेलकावे खात वर जाई आणि आई मान मागे टाकून ती कठड्यापर्यंत पोचेतो बघत राही. मग दोघं बोलत. म्हणजे ओरडत. वर्कशॉप सुटायची वेळ, खालून सायकली आणि स्कूटरींचा लोंढा चाललेला. जेवलात का? जेवलो. झोप लागली का? लागली. खोकला? नाही. सगळी कॉलनी ऐकत असताना बाप-लेकीने आणखी काय बोलायचं? एकदा आबा कठड्यावरून वाकले आणि म्हणाले, "सुमे, ये गं वर. मला काही होत नाही." आईने पदर नाकाला लावून मान हलवली, आणि आम्ही बसस्टॉपकडे निघालो.

पाडव्याला मात्र ती वर गेली. सणाच्या दिवशी वडिलांना नमस्कार नाही म्हणजे काय? पण आत गेली नाही. दारातच थांबली, नाकावर पदर घट्ट धरला, उंबऱ्याशी वाकून लांबूनच नमस्कार केला. आबांनी साखरेची गाठी तिच्या हातात न देता माझ्या हातात दिली आणि मी ती तिला दिली. नियम म्हणजे नियम. मला वाटतं, पेलाभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळसुद्धा ती तिथे थांबली नाही. लगेच खाली उतरली.

आत खाटेवर मधूमामा पडला होता. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं आणि हा पठ्ठ्या घोंगडी पांघरून कुडकुडत होता. आदल्या दिवशी कामावर उभ्या उभ्याच त्याचे पाय गळाले होते. सकाळी धडधाकट गेलेला माणूस दुपारी दोघांच्या आधाराने घरी आला. ताप सणसणून चढलेला, कंबर आणि पोटऱ्या ठणकत होत्या, डोळे हलवले तरी दुखत होते, मधूनच कोरडा खोकला. पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहणाऱ्या माणसाला उन्हाच्या दिवसांत असं झालं की निदान ठरलेलं, ऊन लागलं. मी विचारलं तर म्हणाला, "लू लागली आहे, बीजूं काय नाही. शिंक एक तरी आली का मला?" खरंच आली नव्हती. शिंक नाही म्हणजे शरदी नाही, शरदी नाही म्हणजे लागायची भीती नाही. म्हणून आबा स्वतः त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते आणि चमच्याचमच्याने कैरीचं पन्हं पाजत होते. त्याच्या पेल्यात उरलेलं पन्हं मी पिऊन टाकलं. आणि जिला अडवायचं काहीच कारण नव्हतं ती खाली झाडाखाली उभी होती.

मामा उठून कामावर गेला आणि आबा पडले. पाठोपाठ मीही पडले. तो ताप मी विसरू शकत नाही. गणिताचा पेपर बुडाला त्याचं दुःख करण्याइतकंही त्राण नव्हतं. हाडांत कोणीतरी शिरून बसल्यासारखं दुखत होतं. केससुद्धा दुखत होते. आईने फणी लावली तर मी रडले. नाक कोरडं ठणठणीत, शिंक एकही नाही. आणि घरभर एकच बोलणं, की पोरीला आईची शरदी लागली. जन्मापासून मी तिच्या कुशीत होते तेव्हा लागली नाही, आणि आता लागली! आई माझ्याजवळ यायच्या आधी प्रत्येक वेळी हात धुऊन येत होती आणि जाताना पुन्हा धूत होती.

आबांना दवाखान्यात हलवलं तोवर शेवटच्या कोठीतल्या गव्हाला दिवेल लागलं होतं. आईचं नाक कोरडं झालं, डोळे निवळले. आता तिला परवानगी मिळाली. ती आबांचा हात हातात घेऊन बसली तेव्हा कोण बसलंय हे आबांना कळत नव्हतं. हनुमान जयंतीच्या आत ते गेले.

तेराव्याच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर सगळे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत बसले होते. कठड्याला कप्पी तशीच होती. मधूमामा कप्पीकडे बघता बघता एकदम रडू लागला आणि म्हणाला, "ताई, तू पाडव्याला वर यायला नको होतीस." त्यात खोट नव्हती. वडील गेलेला पोरगा तो, त्याला जे खरं वाटलं ते बोलला. आई म्हणाली, "हो."

त्या एका "हो"वर माझा जितका राग आहे तितका आत्याच्या साऱ्या काढ्यांवर मिळून नाही. तो निकाल होता आणि तो तिने स्वतःच सही करून घेतला. पुढे मामाचं लग्न झालं, चैत्रात मुलगा झाला, आई त्याला वैशाखात बघायला गेली. गल्लीत बारसं असलं आणि गव्हाचे दिवस असले की ती दारातून खण-नारळ देऊन परत येई. आणि मामाचा मोठेपणा तर विचारूच नका. दर पाडव्याला तो आमच्याकडे गाठी घेऊन येई, आईला वाकून नमस्कार करी आणि म्हणे, जाऊ दे ताई, तुझा काय दोष, शरदी ती शरदी. आई शिंकली की थट्टेने खुर्ची मागे सरकवी. क्षमा करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक तृप्ती असते. मी त्याला चहा देत असे आणि त्या तृप्तीचं काय करावं ते मला कळत नसे, कारण तेव्हा मलाही ते सगळं खरंच वाटत होतं.

आत्या गेली, बाबा गेले. आईचे गुडघे गेले आणि सूप माझ्या हातात आलं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, निवृत्त झाले, लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते. आई आणि मी, दोघींना गहू लागतो तो केवढा. तरी आईचा आग्रह, की बारमास भरायचाच. पहिल्या वर्षी जरा शिंकले. दुसऱ्या वर्षी डोळे सुजले. तिसऱ्या वर्षापर्यंत कोरोना येऊन गेला होता, आणि जिन्यात माझी शिंक ऐकून लोक भिंतीला चिकटून उभे राहू लागले. खालच्या मजल्यावरच्या मुलाने फार नम्रपणे विचारलं, आंटी, टेस्ट करून घेतली? आई दाराशी येऊन म्हणाली, माझीच शरदी लागली हिला. तेव्हा मी वैतागून डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. मी सांगितलं, सर्दी आहे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बेन, खंजवाळ आवे छे?" खाज येते का. नाकात, डोळ्यांत, टाळूला. एवढंच. टाळू घासल्याचा तो खरखरता आवाज माझ्या कानात आला. त्या पुढे विचारत गेल्या. ताप? नाही. अंग दुखतं? नाही. पाणी पातळ की घट्ट? किती दिवस? दर वर्षी याच दिवसांत? तेव्हा काय करता? घरात दुसऱ्या कोणाला लागली? आईला होतं का असं? प्रश्न कसले, मला प्रत्येक उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच पाठ होतं, विचारलं कोणी नव्हतं. मग त्यांनी समजावलं. साधी सर्दी पायरीपायरीने येते आणि आठवड्या-दहा दिवसांत जाते. फ्लू दार मोडून येतो; ताप, अंगदुखी, थकवा, शिंका येतीलच असं नाही. अॅलर्जीला ताप नसतो, खाज असते, ती कारण असेपर्यंत राहते आणि कोणाला लागत नाही. कधी कधी आम्हीसुद्धा फसतो, तपासणी करावी लागते, असंही त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. धुरळ्यापासून लांब राहा, पाखडायचंच असेल तर मास्क लावा, आणि ही गोळी. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. मी गोळीची चिठ्ठी मुठीत चुरगाळून रस्त्यावर उभी राहिले आणि मला शिव्या द्याव्याशा वाटल्या, पण कोणाला ते ठरेना.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होती. मी शिकवल्यासारखं सांगितलं, धुरळा, दिवेल, खाज, सगळं. तुझी शरदी कधी शरदी नव्हतीच, म्हटलं, ती कोणाला लागूच शकत नव्हती. आबांना तुझ्यामुळे काही झालं नाही. तू तासन्‌तास त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसली असतीस तरी झालं नसतं. मला वाटलं होतं ती रडेल. निदान आत्याच्या नावाने बोटं मोडेल. मी तर त्याची वाटच बघत होते. तिने मेथीची पुढची काडी हातात घेतली. मग तिने विचारलं, मग तुला काय झालं होतं तेव्हा? तो फ्लू असणार, मी म्हटलं. तो कुठून आला? मी उत्साहाच्या भरात बोलून गेले, की मामाला लू लागलीच नव्हती, त्याला जे झालं तेच मला झालं आणि तेच आबांना. शपथेवर सांगता येणार नाही, पण त्याच्या उशाशी बसलेले दोघंच पडलो ने.

आईने काडी खाली ठेवली. म्हणाली, "मधूला सांगू नकोस."

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. इतकी वर्षं तू कशासाठी सोसलंस, तो दर पाडव्याला येऊन तुला माफ करतो ते मी अजून किती बघायचं, खरं ते खरं. ती म्हणाली, मला सवय आहे, त्याला नाही. सत्तरीला आलेल्या माणसाला आता कुठे सवय करायला लावतेस. आणि मेथी निवडून झाली म्हणून उठली. माझ्याजवळ पुरावा होता, शास्त्र होतं, डॉक्टरांचा शब्द होता, आणि ते सगळं घेऊन मी स्वयंपाकघरात एकटी उभी. पुढच्या वर्षी मी गहू घरात येऊच दिला नाही. साफ केलेला, दळलेला आटा आणला. एवढं एकच माझ्या हातात होतं.

मधूमामा या दिवाळीनंतर गेला, म्हणून हे आता लिहिते आहे. आईला विचारलं होतं. म्हणाली, लिही, आता कोणाला लागायचं नाही.

पण मला दिसतो तो त्याचा आमच्याकडचा शेवटचा पाडवा. काठी टेकत जिना चढून आला, हातात गाठी, मागोमाग धाप. घरात गव्हाचा दाणा नव्हता. आईला त्या चैत्रात एक शिंक आली नव्हती, नाक कोरडं, डोळे स्वच्छ, माठाचं गार पाणी तिने नुकतंच माझ्यादेखत घटाघटा प्यालेलं. मामाने नमस्कार केला, तिच्याजवळच्या खुर्चीवर टेकला आणि नेहमीसारखं विचारलं, "ताई, शरदी काय म्हणते?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आईने माझ्याकडे एकदा बघितलं. मग सावकाश पदर उचलून नाकाला लावला.

"आहे रे थोडी," ती म्हणाली. "तू जरा लांबच बस."

मामा हसला आणि त्याने खुर्ची मागे सरकवली.